फिर्यादीच्या शेजारची खुर्ची

'फिर्याद' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. मराठीत येता येता त्याचा कागद झाला. 'फिर्याद दिली', 'फिर्याद नोंदवून घेतली नाही', 'शेवटी फिर्याद मागे घेतली'... ओरडणारं माणूस कुठे गेलं ते कळतच नाही! पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवल्यावर शब्दांच्या मागे लागायची खोड जात नाही, हे माझ्या जुन्या वाचकांना माहीत आहेच. तेव्हा सांभाळून घ्या.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण घरगुती आहे. माझ्या भाचीची मुलगी एम.एस.डब्ल्यू. करते आहे. गुन्हा ज्यांच्यावर घडला त्या माणसांसाठी काम करायचं तिने ठरवलंय. पोलीस ठाणं, इस्पितळ, कोर्ट, तिन्हीकडे त्यांच्या सोबत जायचं आणि त्यांच्या वतीने बोलायचं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर आठवडाभर चर्चा झाली. काळजी होती, थोडी नापसंतीही होती. पण माझ्या मनात अडकून राहिलं ते एका मेहुण्यांचं वाक्य : "यात शिकायचं काय असतं? माणूस मनाने चांगला असला की झालं." मेहुणे स्वतः मनाने फार चांगले आहेत, म्हणून त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. त्यांना ग्रुपवर उत्तर द्यायला लागले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, इथेच लिहावं.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. फौजदारी खटला 'सरकार विरुद्ध अमुक' असा चालतो. गुन्हा राज्याविरुद्ध झाला असं कायदा मानतो, म्हणून राज्याचा वकील भांडतो. आरोपीला त्याचा वकील असतो. ज्याचं घर फुटलं, ज्याचं डोकं फुटलं, ज्या बाईची अब्रू गेली असं आपण म्हणतो (हा शब्दप्रयोग मला मुळीच आवडत नाही. जाते ती करणाऱ्याची.) ती व्यक्ती फक्त साक्षीदार. समन्स आलं की यायचं, विचारलं तेवढंच सांगायचं आणि घरी जायचं. इंग्रजांनी १८६१ साली फौजदारी प्रक्रिया संहिता आणली. त्यानंतर ती १८८२, १८९८ आणि १९७३ साली नव्याने लिहिली गेली. पण 'पीडित' म्हणजे कोण, याची व्याख्या त्या संहितेत शिरली ती ३१ डिसेंबर २००९ रोजी. जवळजवळ दीडशे वर्षं त्या माणसाला कायद्याच्या पुस्तकात स्वतःची ओळच नव्हती.

आता गंमत बघा. आरोपीची विचारपूस करणारा, त्यासाठी शिकलेला माणूस मात्र आपल्याकडे फार आधी आला. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची मुलांची सुधारशाळा १८५७ मध्ये निघाली. मुंबई इलाख्याचा बाल अधिनियम १९२४ चा. १९३८ मध्ये मुंबई इलाख्यात परिवीक्षेचा कायदा झाला, म्हणजे पहिल्या चुकीला थेट तुरुंगात न टाकता देखरेखीखाली सोडायचं. १९५८ मध्ये तो देशभरासाठी झाला. याच सुमारास, १९३६ साली, अमेरिकेहून आलेल्या डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं विद्यालय सुरू झालं. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं आणि १९५४ मध्ये देवनारला गेलं. समाजकार्य हा पदवी घेऊन करायचा व्यवसाय आहे, ही कल्पना आपल्या देशात रुजली ती तिथे.

परिवीक्षा अधिकारी काय करतो? आरोपीच्या घरी जातो, आईबापांशी बोलतो, शेजाऱ्यांना विचारतो, मालकाला भेटतो, आणि न्यायाधीशांसाठी अहवाल लिहितो. फार चांगलं काम आहे. कोवळ्या पोरांना तुरुंगापासून वाचवलंय त्याने, आणि मी त्याच्या विरुद्ध एक अक्षर लिहिणार नाही. पण ज्याला मार बसला त्याचं घर दोन गल्ल्या सोडून असायचं, आणि तिथे जाऊन "कसे आहात?" एवढं विचारायचं काम कोणाच्याच नेमणूकपत्रात नव्हतं. तेही अर्धं शतक.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडात ब्रिस्टल शहरात १९७४ मध्ये पीडितांना आधार देणारी पहिली योजना निघाली, ती गुन्हेगारांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्या मंडळींच्या बैठकांतून. गुन्हेगारांबद्दल बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या बाजूच्या माणसांबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही! मग पोलिसांकडून पत्ते घेऊन स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले. अमेरिकेत तशी तीन केंद्रं १९७२ मध्येच उघडली होती. त्यांतली दोन बलात्काराला तोंड दिलेल्या स्त्रियांसाठी होती. त्याच सुमाराला बोस्टनच्या सरकारी इस्पितळात ॲन बर्जेस ही परिचारिका-प्राध्यापिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, या दोघी वर्षभर रात्री-अपरात्री बोलावणं आलं की धावत जात. १४६ जणांशी बोलल्या, त्यांत ९२ प्रौढ स्त्रिया होत्या. १९७४ मध्ये त्यांनी जे छापलं त्यातली एक गोष्ट आमच्या मेहुण्यांनी जरूर वाचावी. अत्याचारानंतर काही स्त्रिया रडतात, थरथरतात. पण तितक्याच जणी अगदी शांत, आवरून बसलेल्या दिसतात. म्हणजे 'ही रडत नाही, त्या अर्थी काही झालेलं नसणार' हा जो अनुभवी लोकांचा ठोकताळा असतो, तो चुकीचा आहे. मनाने चांगला असलेला माणूसही हाच ठोकताळा लावतो. ते शिकल्याशिवाय सुटत नाही.

महाराष्ट्राला हे कळायला मात्र एका मुलीची आठ वर्षं लागली.

देसाईगंज म्हणजे वडसा. आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री मथुरा नावाची आदिवासी मुलगी तिथल्या पोलीस ठाण्यात गेली होती. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिच्या भावानेच तक्रार दिली होती, कुणीतरी तिला पळवलं म्हणून. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला आत थांबवलं. बाहेरचे वाट बघत राहिले. ठाण्यातला दिवा गेला, दार लागलं. नंतर माणसं जमली, गलका झाला, तेव्हा कुठे तिची तक्रार लिहून घेतली गेली. वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री, सुमारे वीस तासांनी.

ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात, प्रत्येक ठिकाणी तिच्याभोवती माणसं होती, आणि त्यांतली काही तिच्या बाजूचीही होती. तिच्यासाठी गलका करणारी माणसं काही वाईट मनाची नव्हती. पण तपासणीला वेळ गेला तर काय जातं, डॉक्टरने कागदावर काय लिहिलं आणि ते कोर्टात कसं वाचलं जाईल, उलटतपासणीत तिला काय विचारतील, यातलं काही माहीत असलेलं आणि तिच्या शेजारी बसलेलं असं एकही माणूस त्या आठ वर्षांत दिसत नाही.

पुढचं अनेकांना ठाऊक असेल. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. निमूटपणे सोसणं म्हणजे संमती नव्हे, असं त्यांनी म्हटलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केलेला नाही, हे मुद्दे तिच्या विरोधात गेले. (बोस्टनचा तो लेख तोवर चार वर्षांचा जुना झाला होता.) वर्षभराने उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्चला मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

खटल्याचं शीर्षक आहे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. तीत तिचं नाव नाही. आणि तिच्या प्रकरणातून जी दुरुस्ती झाली, तिने पीडितेचं नाव छापायला बंदी घातली. तोवर तिचं नाव देशभर झालं होतं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी आठवतात आणि अस्वस्थ करतात.

तेव्हा मी तिशीत होते, शाळेत नववी-दहावीला शिकवत होते. आमच्या शिक्षककक्षात या विषयावर कुणी मोठ्याने बोलत नसे. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर यांच्या मृत्यूंनी मात्र मध्यमवर्ग हलला. 'आपल्यातल्या' मुली होत्या ना! (हे कडू आहे, पण खरं आहे.) विद्याताई बाळ आणि नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन गावोगाव नेलं. आमच्याकडे आलं तेव्हा आम्ही चौघी-पाचजणी शिक्षिका शाळा सुटल्यावर गेलो. फलक वाचून झाल्यावर बायका निघून जात नव्हत्या, तिथेच घुटमळत होत्या. प्रत्येकीला काहीतरी सांगायचं होतं. तिथल्या कार्यकर्त्या ऐकत होत्या, पण सांगणाऱ्या इतक्या आणि ऐकणाऱ्या दोन-तीन! त्यातली एक विशीची मुलगी एका बाईला म्हणाली, "ताई, तुम्ही त्याला सोडून का देत नाही?" त्या बाईने तिच्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. पुढे ती एक शब्द बोलली नाही. पदर सावरून निघून गेली.

त्या मुलीचं मन चांगलंच होतं हो.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने एक वेगळं पाऊल टाकलं. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या त्या इमारतीत, महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. ज्युलिओ रिबेरो तेव्हा आयुक्त होते. कक्षात पोलीस नव्हते, समाजकार्याची पदवी घेतलेल्या कार्यकर्त्या होत्या. पोलिसांच्या घरात बसायचं, पण पोलिसांची नोकर व्हायचं नाही. मला ही कल्पना फार हुशारीची वाटते. मार खाल्लेली बाई शेवटी पोलिसांच्या दारात येतेच, तर तिथेच, आतल्या बाजूला, तिच्या बाजूचं माणूस बसवून ठेवायचं. बाहेरून मोर्चा नेणाऱ्यांपैकी काहींना हे रुचलं नसेल, पण दोन्ही लागतात असं माझं मत आहे. मोर्च्याने कायदा बदलला. मंगळवारी दुपारी साडेतीनला आलेल्या बाईची फिर्याद लिहून घ्यायला लावणं हे काम मात्र मोर्च्याचं नाही.

त्या कक्षाची कामाची रीत हळूहळू ठरत गेली. बाईने आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, कार्यकर्तीने मध्ये तोडायचं नाही. तिला धीर द्यायचा. पोलिसांकडून हवी ती मदत मिळवून द्यायची. वकील, निवारा, दवाखाना यांची गाठ घालून द्यायची. सासरी अडकलेलं स्त्रीधन परत आणायचं (यात भांड्यांपासून मुलांच्या दाखल्यांपर्यंत सगळं येतं). तिच्या माहेरचे, शेजारचे, कुणी उभे राहतील का ते शोधायचं. आणि मारणाऱ्या नवऱ्याशीही बोलायचं, पण तिच्या हितासाठी. हा शेवटचा 'पण' महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मध्यस्थी म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून "तुझंही थोडं, तुझंही थोडं" असं सांगायचं आणि नांदायला पाठवायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं, आणि चांगल्या मनानेच केलं. इथे मात्र हिंसा थांबणं हा पहिला मुद्दा. त्यावर देवाणघेवाण नाही.

मग हे शिकवायचं कसं? भाचीच्या मुलीने मला तिची वही दाखवली (माणसांची नावं, गावं सगळी बदललेली). त्यांना आठवड्यातले काही दिवस वर्ग आणि काही दिवस क्षेत्रकार्य असतं. एखाद्या व्यक्तीशी बोलणं झालं की त्या संभाषणाचं शब्दशः टिपण लिहायचं. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, ती कुठे थांबली, मी ती शांतता किती वेळ सहन केली, मी कुठे सल्ला दिला. मग पर्यवेक्षक ते वाचतात आणि समासात प्रश्न विचारतात. आम्हाला बी.एड.ला पाठाची टाचणं काढावी लागत, तसंच काहीसं. पण आमचं टाचण पाठाच्या आधी असे. काय करणार आहे ते लिहायचं, म्हणजे त्यात आपण नेहमी शहाणेच दिसतो. यांचं नंतर असतं, काय घडलं त्याचं. फार अवघड प्रकार आहे हा. तिच्या वहीत एका ठिकाणी तिने लिहिलं होतं, "मी त्यांना म्हणाले, सगळं नीट होईल." समासात लाल शाईने एकच शब्द : "कशावरून?"

'का' हा प्रश्न त्यांना जवळजवळ सोडायला लावतात. "तेव्हाच का नाही सांगितलं?", "तिथे का गेलात?" आपल्याला ती साधी चौकशी वाटते, ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो. ज्याला उद्या उलटतपासणीला सामोरं जायचंय त्याच्यावर आजच उलटतपासणी करायची नाही. शिवाय हेही शिकवतात की आपण तपास अधिकारी नाही. तोंडात शब्द घालायचे नाहीत, साक्ष पढवायची नाही, नाहीतर खटलाच कोसळतो. कोर्टाची खोली आधी नेऊन दाखवायची. न्यायाधीश कुठे बसतात, आरोपी कुठे असेल, पाणी कुठे मागायचं. आणि निर्णय तिचा. तिला फिर्याद द्यायची नसेल तर परिणाम समजावून सांगायचे, ढकलायचं नाही. (लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे पर्याय नाही. शिक्षकांनाही नाही. माझ्या निवृत्तीनंतर आला हा कायदा.)

पुढचा इतिहास भराभर सांगते. १९९४ मध्ये दिल्लीतल्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बलात्काराची तक्रार करणाऱ्या स्त्रीला पोलीस ठाण्यापासूनच वकील मिळाला पाहिजे, आणि त्याने फक्त कायदा न सांगता समुपदेशन, औषधोपचार कुठे मिळेल हेही दाखवलं पाहिजे. म्हणजे या नोकरीचं वर्णनच झालं ते! २००० च्या सुमाराला मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र काढलं. तिथे इस्पितळातल्याच डॉक्टर-परिचारिकांना शिकवून तयार केलं. हाडाला प्लास्टर घालताना "पडलात कशा?" याच्या पुढे विचारायला शिकवलं. विशेष कक्ष पुढे महाराष्ट्र सरकारने आपलेसे केले, जिल्ह्याजिल्ह्यांत गेले, हरियाणासारख्या दुसऱ्या राज्यांनीही ते घेतले. २०१३ मध्ये आपल्याकडे मनोधैर्य योजना आली. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत, तपास कुठवर आलाय ते पोलिसांनी नव्वद दिवसांत फिर्यादी किंवा पीडिताला कळवायचं, असं कलम आहे. आधी ते कळायला ठाण्याच्या बाकावर बसून राहावं लागे.

राहता राहिला पगार. मेहुण्यांच्या पाठोपाठ भाचेजावयांनी विचारलं होतंच, "मिळणार किती?" प्रश्न रास्त आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलाला खटला संपेपर्यंत 'साहाय्यक व्यक्ती' देण्याची तरतूद आहे, आणि ती स्वतंत्रपणे काम करणारी असेल तर तिला किमान वेतन कायद्यातल्या कुशल कामगारापेक्षा कमी पैसे देऊ नयेत, असं म्हटलंय. म्हणजे पदव्युत्तर पदवीची किंमत तिथवर! ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मुलीच्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय आला. अशी व्यक्ती मिळू शकते हे प्रत्येक प्रकरणात कुटुंबाला सांगितलंच पाहिजे, घ्यायची की नाही हे नुसतं आईबापांच्या मर्जीवर सोडू नये, असं न्यायालय म्हणालं. यांच्यासाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखा, असंही म्हणालं. आणि मोबदल्याबद्दल स्पष्ट सांगितलं की तो शिक्षण आणि अनुभवाला साजेसा, तेवढंच शिकलेल्या इतरांना मिळतो तसा असावा.

भाचेजावई, तो निकाल मी छापून घेतलाय. रविवारी येणार असाल तर देते.